तमिळमध्ये जमणारा नकार

माझी धाकटी बहीण कमला कोणालाही स्पष्ट नकार देऊ शकत असे. मग कामाच्या ठिकाणी एकाच माणसाला तो का देता आला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. उत्तर पूर्ण सापडले, असा माझा दावा नाही. शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे एवढे ठाऊक आहे की प्रश्न नीट मांडला, तर निदान अडले कोठे ते दिसू लागते.

बातमी आली तेव्हा मी तिरुवैयारूला एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी होते. रविवारची दुपार. कमला ज्या खासगी रुग्णालयात रक्ततपासणीचा विभाग सांभाळत होती, तेथूनच फोन होता. “अक्का, लगेच या,” एवढेच तिच्या सासरचा रघुनाथ म्हणाला. मी पोचण्याआधीच ती गेली होती. हृदयाचे दुखणे जुने होते, असे डॉक्टरांनी सांगितले. कामाने तिचा जीव घेतला, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. पण तो तिच्या सुटीचा दिवस होता.

तंजावूरच्या आम्हा मराठी घरांत एक व्यवस्था आपोआप होऊन बसली आहे: उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. बाहेरची कमला करारी होती. “मुडियादु”, म्हणजे जमणार नाही, हा तिचा शब्द साऱ्या रुग्णालयाला माहीत होता. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी, काहीच घाई नसलेला नमुना विभाग बंद होताना पाठवला. “मुडियादु, सार. उद्या सकाळी,” ती म्हणाली, आणि त्यांनी तो निमूटपणे परत नेला. कोणी रागावले नाही. तमिळमधला तिचा नकार कामापुरता असे, आणि ऐकणाराही तो कामापुरताच घेई.

मग रघुनाथ तेथे व्यवस्थापक म्हणून आला. तो तिच्या यजमानांचा चुलतभाऊ. यजमान गेले तेव्हा कमलाला मूलबाळ नव्हते. अग्नी रघुनाथनेच दिला होता. तिच्या सासरचे म्हणावे असे तेवढेच एक घर उरले होते. तो इतरांशी तमिळ बोले, तिच्या टेबलाशी मात्र आवाज खाली आणून आमच्या मराठीत म्हणे, “वैनी, एवढा रविवार तुम्ही बघून घ्या की. वरचे मला विचारतात, मी कोणाला विचारू? आपल्या माणसालाच ना?” तो लबाडी करत होता, असे मला वाटत नाही. त्यालाही हक्काने विचारायला दुसरे कोणी नव्हते.

रविवार गेले, मग सणवार गेले. कमला ताटावर बसल्याबसल्या पेंगू लागली. रक्ताच्या नळीवरचे नाव पुन्हापुन्हा वाचूनही खात्री वाटत नाही, असे एकदा म्हणाली, आणि मी घाबरले.

“सांग की त्याला, जमणार नाही म्हणून.”

“तुला सोपं आहे, अक्का. तमिळमध्ये आत्ता सांगते. मराठीत त्याला मी जेवायला वाढलंय.”

अखेर तिने तोडगा काढला, आणि तो मला अजूनही अचूक वाटतो. ती रघुनाथला म्हणाली, “इथे माझ्याशी तमिळच बोल. घरी काय हवं ते बोल.” तो हसला. “वैनी, परीक्षा घेता काय माझी?” पण त्याने ऐकले. पुढचा रविवार त्याने तमिळमध्ये मागितला, तिने तमिळमध्ये नाकारला, आणि काम दोघा तंत्रज्ञांत वाटले गेले. कमला पुन्हा दुपारची झोपू लागली. माझ्या रसमला नावे ठेवू लागली.

येथवर गणित सुटले होते. पण राजवाड्याजवळच्या एका नातलगाकडे बारशाला आम्ही गेलो, तेव्हा रघुनाथच्या आईने भर पंगतीत विचारले, “काय ग कमला, आमची भाषा नको झाली काय तुला? मुलांना येत नाही म्हणून आम्ही रडतो, आणि तू मोठ्यांनाही बंद करतेस!” सगळ्या हसल्या. कमलाही हसली. तेवढ्यात रघुनाथ वाढायला आला आणि घरच्या त्या पंगतीत तिला तमिळमध्ये म्हणाला, “मॅडम, आणखी भात?”

तिने पानावर हात आडवा धरला.

काही आठवड्यांनी ती त्याच्या घरी जाऊन आली. काय बोलणे झाले, ते मला तिच्याच तोंडून कळले. “मी म्हटलं, रघू, वैनी म्हण रे. तुझ्याशिवाय मला तसं म्हणणारं कोण आहे?” तो रडला म्हणे. त्यानंतर रविवार पुन्हा सुरू झाले... मी तिला अडवले. ती म्हणाली, “अक्का, मला अस्कं, सगळं कळतंय. पण ते ‘मॅडम’ मला सोसवत नाही.”

कामाला मर्यादा घाला, असा सल्ला आता सगळीकडे मिळतो. तो बरोबरच आहे. मात्र मर्यादेची किंमत कोठे द्यावी लागेल, हे त्यात कोणी सांगत नाही. कमलाला ती पंगतीत द्यावी लागली.

आमच्या घराला रस्त्याकडेचा ओटा आहे. कामावरून आली की ती थेट आत येत नसे. खांबाला टेकून तेथे गप्प बसे. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचे नाही, हे आळीला कोणी सांगितले नव्हते, तरी सगळे पाळत. गेल्या आठवड्यात मी सहज तेथे बसले होते. समोरच्या मीनाक्षी वाटी घेऊन काही मागायला निघाल्या, मला खांबाशी पाहिले, आणि काही न बोलता परत वळल्या. त्या मर्यादेसाठी कमलाला कोणाचेही मन मोडावे लागले नव्हते. म्हणून ती मर्यादा कमलाच्या मागेही टिकली असावी.

असावी, एवढेच म्हणते. माझ्यापाशी उदाहरण एकच आहे, आणि एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. आपल्याला नेमका कोणाला नकार देता येत नाही, आणि तो माणूस आपल्याला काय म्हणून हाक मारतो, हे वाचकांनी स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.