राठोडकाकांची रेष

आर्णीला चहाच्या टपरीवर आम्ही जुने पंच जमलो की किस्से थांबतच नाहीत. एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू!

कापसानं सगळ्यांचे हाल केलेली ती वर्षं. जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या आवारात आम्ही मोटरसायकलींची शर्यत घ्यायचो. एकदा वळणावरची रेष ओलांडण्यावरून मारामारी झाली. पोरांनी सांगून टाकलं, "पुन्हा पक्षपात झाला, तं आमी येत नाही!" म्हणजे शर्यतच बंद. तेव्हा तांड्यावरच्या राठोडकाकांनी शिट्टी हातात घेतली. नियम एकच: दोन्ही चाकं पांढऱ्या फक्कीच्या रेषेबाहेर गेली की गाडी बाद!

*

पहिल्याच वर्षी शील्ड देणाऱ्या शेठजींचा भाचा बाद झाला. शेठजी तरातरा आले.

"काका, शील्ड माही हाये!"

"शील्ड तुमचीच हाये, शेठजी. रेष साऱ्यायची हाये!"

शेठजी शील्ड उचलून घरी गेले. आम्ही विजेत्याला स्टीलची बादली दिली. त्याची बायको अजून आमचं नाव काढते.

*

एकदा ऐन सेमीफायनलला वाऱ्यानं फक्की उडाली. काकांनी शर्यत थांबवली. लोक बोंबलायला लागले.

"रेषच दिसत नाही, तं बाद कोनाले करू?" म्हणत म्हाताऱ्यानं घमेलं घेतलं आणि अख्खा ट्रॅक वाकून पुन्हा आखला.

*

एक फजिती माझीही. सगळ्यात मागे असलेल्या एकाची चाकं बाहेर गेली. म्हटलं, बिचारा तसाही हरतोय, जाऊ दे. काकांना कळलं.

"शेवटच्याले सूट देली, तं पयल्याले कोन्या तोंडानं थांबवू?"

सगळ्यांसमोर झापलं! मला राग आला, पण काका खरं बोलत होते.

*

आणि सगळ्यात भारी ती फायनल. शेवटच्या वळणावर स्वतः काका. त्यांचाच मुलगा सुरेश सगळ्यांच्या पुढे. शिट्टी वाजली नाही, सुरेश जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो धडपडून खाली उतरला आणि थेट काकांकडे गेला.

"बा, वळनावर माहे दोन्ही चाकं भायेर गेलते. तुमी शिट्टी नाही मारली."



काकांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

"तू बाद," ते सुरेशला म्हणाले. "अन् मीबी बाद. मी रेष नाही, पोरगा पाहून राह्यलो होतो!"

आणि ट्रॅकच्या कडेची दोरी ओलांडून लोकांमध्ये जाऊन बसले.