तात्यांचं नामंजूर

उसाला तुरे आले की नातवंडं गाडी थांबवून फोटो काढतात. मी मात्र अजून तोंड फिरवते.

नव्वदच्या दशकात आमचा ऊस कळंबजवळ होता. कारखान्याच्या सभेत सगळे ‘मंजूर, मंजूर’ ओरडत असताना माझे सासरे तात्या एकटेच ‘नामंजूर’ म्हणाले. कारखाना ज्या पक्षाच्या ताब्यात, जन्मभर त्याच पक्षाचा झेंडा वाहिलेला माणूस! त्या हंगामात शेजारचे सगळे फड तुटले, पण आमच्याकडे कारखान्याची ऊसतोड टोळी फिरकलीच नाही. तुरे आले, ऊस आतून पोकळ पडू लागला.

एका सकाळी अचानक टोळी आली. तात्या बांधावरून ओरडले, “बघ पोरी! आपलाच पक्ष हाय, खरं बोललेलं ऐकत्यात!”

मी खाली बघितलं. आदल्याच दिवशी मी संचालकांच्या दारात हात जोडले होते. “तात्यांचं वय झालंय, मनावर घेऊ नका,” मीच म्हणाले होते.

पुढच्या सभेत तात्या पुन्हा उठले. संचालक माइकवरून हसत म्हणाले, “बसा तात्या, वय झालंय तुमचं.” अख्खी सभा हसली.

घरी येऊन तात्यांनी टोपी काढली आणि मला विचारलं, “पोरी, मी लई म्हातारा दिसतो का गं?”