चिंतामणीवर टेकलेले हात

पहिल्या तपासणीत मेंदूचा फोटो स्वच्छ आला आणि मी तो विषय मिटवला. लोहाऱ्यात घरी भरलेली घागर उचलताना डोक्यात वीज पडावी तशी कळ उठली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आज काही दिसत नाही, पण काही वेळा हे उशिरा दिसतं. पुन्हा असं दुखलं तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढू." त्यानंतर दोनदा तशीच कळ आली, तरी मी गेले नाही. उरकलेलं काम पुन्हा उघडणं माझ्या जिवावर येतं. खरं तर भीती वाटत होती. देवीवर तरी विश्वास उरलाय का, असंही मनात येई. तशातच मिस्टरांना घेऊन तुळजापूर गाठलं.

तिथं देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात टेकून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही. दर्शन झाल्यावर मी हात टेकले आणि विचारलं, "आई, आता परत तपासणी नको ना?" तेवढ्यात तीच कळ उठली. डोळ्यांपुढं अंधारी आली. दगड कुठं वळला, मला आजही ठाऊक नाही.

रांगेत मागं असलेल्या एका म्हातारीनं मला धरून खाली बसवलं. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. "काय इचारलंस गं आईला?" मी सांगितलं. "आई काय तुझी कंपाउंडर हाय व्हय? माझ्या सुनंला बाळंतपणानंतर असंच व्हायचं. पयल्या फोटूत काय न्हवतं, पुन्यांदा काढला तवा घावलं." मग मिस्टरांकडं वळून म्हणाली, "आन् तुमी हो पावणं, पेढ्याचा पुडा काय सांभाळत बसलाव? हिला सांभाळा की! गाडी काढा."

आम्ही तसेच सोलापूरला गेलो. शिरेतून औषध सोडून फोटो काढला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. एकसारख्या असायला हव्या त्या रक्तवाहिन्या जागोजागी आवळल्या होत्या, मध्येच फुगल्या होत्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. मला म्हातारीच्या गळ्यातली माळ आठवली. "या बहुतेक आपोआप सैल होतात," डॉक्टर म्हणाले, "पण तोवर पक्षाघाताचा धोका असतो. सर्दीसाठी काही घेता?" नाक चोंदलं की मी दुकानातून आणून गोळ्या घेत होते. त्यांनीही रक्तवाहिन्या आवळतात म्हणे, त्या तिथंच बंद झाल्या. जड उचलायचं नाही, धावपळ करायची नाही, असं सांगून त्यांनी काही दिवस ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मी पडून राहिले. सगळ्या घराचं वेळापत्रक माझ्या डोक्यात असायचं, ते आता इतरांच्या हाती गेलं. भाकरी करपल्या, पाण्याची पाळी चुकली, तरी घर चाललं. आवळलेलं सोडवणं माझ्या हातात नव्हतं. काम एवढंच उरलं होतं, निमूट पडून राहायचं आणि आईचं नाव घ्यायचं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. त्यात रक्तवाहिन्या सरळ, मोकळ्या दिसल्या. डॉक्टर हसले. मला रडू आलं.

पुन्हा तुळजापूरला गेलो. ती म्हातारी दिसते का, म्हणून रांगेतला प्रत्येक चेहरा पाहिला. तिचं गाव, नाव काहीच विचारलं नव्हतं. भेटली नाही. मग चिंतामणीपाशी आले, हात टेकले आणि डोळे मिटले. या वेळी काहीच विचारलं नाही. दगड हलल्यासारखा वाटला. कुठल्या बाजूला, ते मी पाहिलं नाही.