एका पोत्यात एकाच शेताची हळद

आमच्या बचत गटाला पुण्याच्या एका मसालेवाल्याची पहिली ऑर्डर मिळाली, तेव्हा मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. वर्ध्याच्या कॉलेजात शिकलेली गटात मी एकटीच, म्हणून अध्यक्षपद आपसूक माझ्याकडे आलं होतं. मसालेवाल्याच्या अटींवरून मी नियम लिहून गटाच्या शेडच्या भिंतीवर चिकटवले. पहिला नियम, एका पोत्यात एकाच शेताची हळद, आणि पोत्यावर पिकवणारीचं नाव. हळद कोणाच्या वावरातली, ते विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे. मिसळलेलं पोतं परत. दुसरा नियम, पोतं भरलेलं हवं.

"हळदीले बी आता आधार कार्ड लागते का?" सासूबाईंनी विचारलं. बाया हसल्या. मी हसले नाही, कारण अध्यक्ष होते.

दुसऱ्या नियमात शेजारच्या काकू अडकल्या. विहिरीजवळचे चार वाफे, एवढीच त्यांची हळद. घरचं बेणं जपून जपून त्यांनी ती साठ वर्षं लावली आणि दरवर्षी सेलूच्या व्यापाऱ्याच्या ढिगात ओतली. यंदा ती वाळवून त्यांनी शेडमध्ये आणली, तर पोतं वीतभर उणं निघालं. सत्तरी कधीच ओलांडलेल्या काकू म्हणाल्या, "राहू दे बाई, पुढच्या साली पाहू." 'पुढच्या साली' हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला फार वाईट वाटलं. तरी मी नियम वाचून दाखवला. तेव्हा मी तशीच होते.

आमच्याकडे खळ्यावरून उणं पोतं उचलत नाहीत. शेजारीण येते, ओंजळभर आपलं टाकते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. घेणारीही विचारत नाही. दोन दिवसांनी काकूंचं पोतं तोंडापर्यंत भरलेलं होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"वाळली की फुगते हळद," सासूबाई म्हणाल्या.

हळद वाळल्यावर आक्रसते, हे काकूंना काय माहीत नव्हतं? पण त्यांनी सुईदोरा मागितला आणि पोत्याचं तोंड शिवून टाकलं.

माल न्यायच्या दिवशी पुण्याहून मसालेवाल्याकडचे एक भाऊ आले. ते प्रत्येक पोत्यातून चार-पाच हळकुंडं काढायची, मोडायची आणि आतला रंग बघायचा, अशी तपासणी करत होते. काकूंच्या पोत्यातलं पहिलं हळकुंड आतून गडद केशरी निघालं. दुसरं फिकट. तिसरं कच्चं शिजलेलं.

"ताई, हे पोतं एका शेतातलं नाही," ते मला म्हणाले. "हे घेता येणार नाही."

काकू नुसता पदर सारखा करत राहिल्या. माझा मात्र पारा चढला. "नियम काय भिंतीच्या शोभेले लावले का मी?" मी सगळ्यांवर ओरडले.

"ओरडून काय होते?" म्हणत सासूबाईंनी शिवण उसवली आणि अख्खं पोतं ताडपत्रीवर ओतलं. "चला वो बायांनो, आपापली उचला."

भाऊंना वाटलं, थट्टा चालली आहे. पण बाया गोल बसल्या आणि निवडायला लागल्या. एकीची हळद कढईत नेहमी जास्त वेळ राहायची, ती सुरकुतलेली. एकीचं वावर खडकाळ, तिची वाकडीतिकडी. एकीने गच्चीवर वाळवली होती, तिला सिमेंटचा राखट रंग लागलेला. "हे माहं नाई, तुहं हाये," म्हणत हळकुंडं इकडून तिकडे जात होती आणि एकदाही भांडण झालं नाही. भाऊ मोबाईल खिशात घालून उकिडवे बसले.

सासूबाईंनी आमच्या घरची हळद वेचली आणि हातातल्या ढिगाकडे पाहत थांबल्या.

"म्या तं एकच ओंजळ टाकलती. हे दोन कशा झाल्या?"

सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. मी भिंतीवरचे नियम वाचत राहिले. एवढी हसली शेड, की भाऊंनाही हसू आवरेना.

ताडपत्रीवर आता फक्त काकूंची हळद उरली होती. भाऊंनी पुष्कळ हळकुंडं मोडून पाहिली. सगळी आतून सारखीच, गडद केशरी.

"भाऊ, एवढीच हाये," काकू म्हणाल्या. "उणं पोतं घेत नसान, तं राहू द्या."

"का नाही घेणार? वजन करूनच तर घेतो. भरलेली पोती म्हणालो, ती गाडीत थप्पी नीट लागावी म्हणून. हे सगळ्यांत वर ठेवू."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुनं आधीच इचारलं काऊन नाई?"

मी खाली मान घालून काकूंचं नाव, गाव आणि विहिरीजवळचं वावर, असं जाड पेनाने चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी पोत्याला शिवून झाल्यावर काकू म्हणाल्या, "वाच बरं, काय लिवलं ते."

मी वाचलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. काकूंनी पोत्यावरचा हात काढला नाही.

"आणखी एक डाव वाच," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."