तुलसीरामची उपेक्षा आणि रुख्माबाईचे पऱ्हे

तुलसीराम रहांगडाले धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डोळे मिटून बसला, आणि तेवढ्यात त्याच्या बैलजोडीने रुख्माबाईचे पऱ्हे खाल्ले. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची कोवळी रोपं. एकवीस दिवसांची मेहनत अर्ध्या तासात बैलांच्या पोटात गेली. त्याने डोळे उघडले तेव्हा समोर नुसते बुडखे होते, आणि बुडख्यांमागे रुख्माबाई.

“झोपला होता का रे, तुलस्या?”

“ध्यान करून राहिलो होतो, काकी.”

“तू डोरे बंद करून ध्यान करून राहिला, तुहे बैल जेवून राहिले. बेस झालं. माही बांधी आता कायनं रोवू, तुह्या ध्यानानं?”

हे २००८ सालचं, आमगावजवळच्या एका खेड्यातलं. त्या उन्हाळ्यात आमगावच्या शिबिरात गोंदियाहून आलेल्या योगगुरुजींनी सांगितलं होतं, “सुखी से मैत्री, दुखी पर करुणा, पुण्यवान को देखकर मुदिता, और पापी की उपेक्षा. मन साफ रहेगा.” तुलसीरामने ते वहीत उतरवलं आणि गावातला एकेक माणूस चारपैकी कुठल्या ना कुठल्या खणात बसवून टाकला. रुख्माबाईला चौथा खण मिळाला. तिच्या तोंडून गोड शब्द कोणी ऐकलाच नव्हता.

साठीची, एकटी बाई. अर्धा एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, आणि रोवणीच्या बायांच्या टोळीची म्होरकी. गावातल्या सेवकरामचा पाय मोडला त्या वर्षी तिने टोळी नेऊन त्याचं शेत फुकट रोवून दिलं, आणि खाटेवरच्या सेवकरामला दिवसभर ऐकवलं, “या वयात आंब्यावर कायले चढला, माकडा?” सेवकराम अजून सांगतो, पाय त्यामानाने कमी दुखला.

पुढचे चार दिवस ती रोज तुलसीरामच्या अंगणात येऊन दोनच शब्द बोले, “माहे पऱ्हे.” तुलसीराम डोळे मिटून तिची उपेक्षा करी. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोने, भूमेश्वरीने, चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

“गुरुजीनं उपेक्षा कोनाची सांगितली?”

“पाप्याची.”

“आन् पऱ्हे कोनाच्या बैलानं खाल्ले?”

तुलसीरामने वही उघडली, वाचली, मिटली. चौथ्या खणात तो स्वतःच निघाला. आणि जिने त्याची उपेक्षा करायची, ती तर रोज न चुकता दारात येत होती.

त्याचे पऱ्हे त्याच्यापुरते बेताचेच होते. तिला द्यायचे तर रस्त्याकडची बांधी यंदा रिकामी राहणार, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण कारण विचारणार. तरी त्याने रोपं उपटली, जुड्या बांधल्या, डोक्यावर वाहून नेल्या आणि स्वतःच तिच्या चिखलात उतरला.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रुख्माबाई हसली नाही. त्याने लावलेली एक वाकडी ओळ तिने सगळी उपटली, परत रोवली, आणि म्हणाली, “बैलानं बी याहून सरकं रोवलं असतं.”

दिवस कलायला आला. तुलसीराम कंबर धरून उभा राहिला. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाला, “काकी, माह्या मनात आता तुमच्यासाठी निव्वळ करुणा आहे. तुमचा राग गेला का?”

तिने मान वर केली नाही.

“डोरे उघडे ठेव आन् रोव.”