भाट्याच्या पुलाअलीकडे थांबलेली गाडी

ती घटना मी विसरलेले नाही. पोलिसातल्या नोकरीत मी खून पाहिले, बुडालेली माणसे पाहिली, विहिरीतून काढलेल्या बायका पाहिल्या. त्यातले बरेच चेहरे आता आठवत नाहीत. पण भाट्याच्या पुलाअलीकडे थांबलेली ती जुनी पांढरी गाडी आठवते आणि तिच्या इंजिनाचा आवाजही आठवतो.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलिसात होता. तो ड्युटीवर असताना गेला आणि त्याच्या जागी मला घेतले. सुरुवातीला बायकांची झडती आणि बायकांची मढी एवढेच माझे काम. पुढे हवालदार झाले, शेवटी सहायक फौजदार. अकस्मात मृत्यूचे कागद साहेब माझ्याकडे सरकवायचे, कारण त्या कामात नाव होत नाही आणि पायपीट फार असते.

हा कागदही तसाच आला. पावसच्या बाजूच्या एका गावातली चाळिशीची बाई सकाळी गाईला पेंढा काढायला गेली. रचलेल्या पेंढ्याच्या उडवीत हात घातला आणि काहीतरी चावले. नवऱ्याने तिला स्वतःच्या गाडीत घालून रत्नागिरीला आणले. दवाखान्याच्या दारात आली तेव्हा जीव नव्हता. दातांच्या खुणा आणि नवऱ्याने सांगितलेली लक्षणे पाहून डॉक्टरांनी नाग असणार असे लिहिले. नवऱ्याचा जबाब मीच घेतला. तो म्हणाला, "भाट्याला आल्यावर इंजिनात आवाज वाढला, ऑइलचं प्रेशर गेलं आणि गाडी बंद पडली. गार झाल्यावर सुरू झाली." सही करताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. बायको गेलेल्या माणसाचा हात हलतोच असे काही नाही. तरी मी ते लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मयत बाईची आई ठाण्यात आली. बाकावर बस म्हटले तर बसली नाही.

"त्याने मारलान माझ्या पोरीला," ती म्हणाली.

"साप चावला, आजी. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"साप चावला तो देवाचा. गाडी थांबली ती कोणाची? बोटीवरची नोकरी सोडून आला तेव्हापासून घर बोटीसारखा चालवायचा. भांडी इथेच ठेव, दार तसाच लाव. ती कंटाळून महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली होती. त्यानेच गाडीतला तेल काढून टाकलान. तू लिही."

"पुरावा लागतो."

"तो तू शोध. पगार कसला घेतेस मग?"

बोलणे खरे होते, म्हणून मला राग आला नाही. साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, नवरा-बायकोत भांडण होते, गाडी नेमकी त्याच दिवशी बंद पडली. तेल काढलेलं निघालं तर तीनशे दोन लागेल. नीट बघा." म्हणजे प्रश्न एकच होता. गाडी बंद पडली, की कोणी बंद पाडली? त्या उत्तरावर एक माणूस जन्मभर आत जाणार होता.

खबर मला मासे घेताना मिळाली. पोलीस लाइनीत भाट्याची एक कोळीण टोपली घेऊन यायची. त्या दिवशी मी बांगडे उलटेपालटे करून बघत होते.

"घेतेस की पंचनामा करतेस?" ती म्हणाली. "पोलिसाची बाय आणि मासळीवर पण संशय!"

मग आवाज खाली आणून तिने विचारले, "त्या साप चावलेल्या बायचा काय झाला?"

"तुला काय माहीत?"

"मी होते ना तिथे. सुरूच्या बनाजवळ रस्त्याच्या कडेला उभी होते. गाडी टकटक करत आली. बंद पडली नाय, त्याने केलीन. चावी फिरवलीन आणि खाली उतरला. बॉनेट उघडून ती तेलाची काडी काढलीन, पुसलीन, परत घातलीन. मागे बाय बसलेली, डोळे मिटत होते तिचे. मी म्हटला, ओ, रिक्षा थांबवू काय? तर म्हणतो, नको, गार होऊ दे, फुरसा असेल, फुरशाचा विष चढायला वेळ असतो."

"बंद पडली नाही हे तुला कसं कळलं?"

"बाय, आमच्या होडीचा मशीन रोज बंद पडतो. बंद पडणारा मशीन आचके देतो. हा गपकन् गप झाला."

बांगडे घेतले आणि तिचा जबाबही घेतला. अंगठा देताना ती एवढेच म्हणाली, "मी अजून एकदा बोलायला पाहिजे होता."

गाडी जप्त करून आमच्या मोटार विभागात ओढून आणली. तिथला मिस्त्री कामाला बरा होता, तोंडाने फटकळ. मी त्याला म्हटले, "तेल काढलंय का, एवढंच सांग."

"एवढंच कसं सांगणार? डॉक्टरकडे जाऊन मेलाय का एवढंच विचारता काय?" तो म्हणाला, पण लगेच गाडीखाली शिरला. तेल काढायच्या बोल्टवर जुनी माती आणि तेलकट काळे किटण जसेच्या तसे बसले होते. कित्येक महिन्यांत त्याला पाना लागला नव्हता. काडीवर तेल खुणेपर्यंत भरलेले. चावी फिरवली की तेलाचा लाल दिवा लागत होता आणि इंजिन सुरू झाले की विझत होता, म्हणजे दिव्याच्या वायरशीही कोणी खेळले नव्हते.

मग त्याने इंजिनाला प्रेशरचा गेज जोडला. थंड असताना काटा बरा चढला. इंजिन तापू लागले तसा उतरत गेला आणि गाडी जागेवर उभी असताना पार तळाला आला. दिवा लाल झाला. आवाज वाढला, कोणी आतून दारावर ठोकावे तसा. मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले, मूठ कानाला लावली. मग मला लावायला दिली.

"वरून ऐका. साधी कटकट. आता खाली ऐका."

खालचा ठोका माझ्या दातांत बसला.

"बेअरिंग झिजलीत. फट पडली की तेल तिथूनच निसटतं, प्रेशर धरत नाही. घातपात काही नाही, बाई. गाडी म्हातारी झालीय, बस."

"भाट्यावरून दवाखान्यापर्यंत आली असती का?"

तो हात पुसत राहिला. "इंजिन कामातून गेलं असतं," तो म्हणाला. "पण आली असती."

नवऱ्याला बोलावले. पन्नाशी पार केलेला, दाढी केलेला, शर्ट नीट खोचलेला. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसून राहिले. चौकशीत ओरडणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला माणसे जास्त सांगतात. हा मात्र तेच वाक्य त्याच शब्दांत सांगत राहिला. खरे सांगणाऱ्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, याचे बदलत नव्हते.

"बोटीवर काय काम होतं?" मी विचारले.

"इंजिनरूममध्ये. ऑइलर. मशिनांच्या तेलावर लक्ष ठेवायचं."

"तिथे तेलाचं प्रेशर गेलं तर?"

"बंद. आधी इंजिन बंद, मग रिपोर्ट." हे त्याने विचार न करता सांगितले. मग माझ्याकडे पाहिले आणि परत म्हणाला, "गाडी बंद पडली, मॅडम."

मी पंच बोलावले आणि जागेवर प्रात्यक्षिक घ्यायचे ठरवले. त्याच्या घरापासून निघालो. गाडी तोच चालवत होता, शेजारी मिस्त्री, मागे दोन पंच आणि मी. जिथे त्याची बायको बसली होती तिथे मी बसले. इंजिन तापले, ठोका सुरू झाला. उतार संपून किनाऱ्याचा रस्ता लागला. सुरूच्या बनाजवळ गुरे आडवी आली. त्याने वेग कमी केला आणि लाल दिवा लागला.

त्याच क्षणी त्याचा हात गेला आणि चावी फिरली. गाडी गपकन् गप झाली आणि घरंगळत कडेला उभी राहिली.

त्याला कोणी काही सांगितले नव्हते. तो आपल्या हाताकडे बघत होता. हात अजून चावीवरच होता.

"आत्ता गाडी बंद पडली का?" मी विचारले.

त्याने हात चावीवरून काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मी केली."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही. ती म्हणत होती, चला ना. तोंडातून शब्द नीट येत नव्हते. मी म्हटलं, थांब जरा, इंजिन जाईल." त्याने समोर पाहिले. खाडीपलीकडे मांडवीची घरे उन्हात स्वच्छ दिसत होती. "मला वाटलं फुरसं. मला वाटलं वेळ आहे."

"आता पुढे घ्या."

"इंजिन जाम होईल, मॅडम."

एवढे कबूल केल्यावरही तो हे म्हणाला. मी ते जबाबात घातले नाही, पण इथे लिहिते.

"होऊ दे," मी म्हटले.

त्याच्याच्याने चावी फिरेना. मिस्त्रीने त्याला बाजूला बसवले आणि गाडी घेतली. पुलावर दिवा लुकलुकत होता. शहराच्या चढाला ठोका इतका वाढला की माणसे वळून बघत होती. गाडी धूर सोडत गेली, थांबली मात्र नाही. दवाखान्याच्या फाटकात उभी राहिली तेव्हाही इंजिन चालूच होते. मिस्त्रीने विचारले, "बंद करू?" नवरा मान खाली घालून बसला होता. शेवटी मीच म्हटले, "कर."

खुनाचे कलम लागलेच नाही. हयगयीचे लागते का म्हणून कागद सरकारी वकिलांकडे गेले आणि परत आले. गाडीत बिघाड होता, दिवा लागला होता, आणि दिवा लागल्यावर गाडी बंद करावी हेच कोणीही सांगेल. अकस्मात मृत्यूचे प्रकरण दप्तरी दाखल झाले.

निकाल सांगायला मी म्हातारीकडे स्वतः गेले. ती ओटीवर कुळीथ पाखडत होती. सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "पोचली असती काय?"

नाही म्हणणे सोपे होते. माझ्या हुद्द्याच्या बाईने म्हटले असते तर तिने ते मानलेही असते.

"पोचली असती, आजी. पुढचं डॉक्टरांच्या हातात होतं. पण दवाखान्यात पोचली असती."

"त्याला म्हायत हाय?"

"तो गाडीतच होता. त्याच्यासमोर गाडी दवाखान्यात पोचली."

सुपातले खडे तिने वेचून अंगणात टाकले. "मग त्याला आत घालू नको," ती म्हणाली. "आत सोबत असते. घरातच ऱ्हाव दे."

तो घरातच राहिला. गाडी सोडवून नेली, पण परत चालवलेली कोणी पाहिली नाही.

नोकरीभर मी असे समजत होते की माणूस खोटे बोलला म्हणजे मागे गुन्हा असणार. इथे खोटे होते आणि गुन्हा नव्हता. गुन्हा असता तर म्हातारीला आणि त्यालाही सोपे गेले असते, असे मला आजही वाटते. दुसरे कळले ते घाबरलेल्या माणसाबद्दल. तो डोके चालवत नाही. हाताला जे वळण असते तेच करतो, मग ते वळण कितीही चांगले असो.

मला गाडी चालवता येत नाही. सून चालवते. तिने गाडी घेतली तेव्हा मी तिला बॉनेटपाशी उभी करून सांगितले की तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घे आणि लगेच बंद कर, नाहीतर इंजिन जाईल. आणि मागे मी मरत पडलेली असेन, तर त्या दिव्यावर फडके टाक आणि चालव.