आधी जेवणारी आई

मी मराठीचा मास्तर. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो, राहायला बारामतीत आहे, आणि या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात लोक मला कवी म्हणून ओळखतात ते एकाच कवितेमुळं. ती आईवरची आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक कवीजवळ आईची एक कविता असावीच लागते. ती नसली तर शाळेच्या गॅदरिंगला एकदा बोलावतात, दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

माझ्या कवितेतली आई उसाच्या फडात राबते, पोरांना वाढते आणि स्वतः उपाशी झोपते. शेवट असा आहे:

चुलीपाशी बसून आई पाणी पिऊन झोपायची,
‘जेवले मी’ म्हणताना भिंतीकडं बघायची.

‘भिंतीकडं’च्या आधी मी थांबतो. आवाज जरासा कापू देतो. समोर बायकांचे पदर डोळ्यांना लागतात आणि मग टाळ्या पडतात. इतक्या वर्षांत तो थांबा एकदाही चुकलेला नाही.

माझी खरी आई मात्र घरात सगळ्यांच्या आधी जेवायची. कोऱ्हाळ्याच्या पुढं आमचं रान आहे. सकाळी रानात जायच्या आधी ती चुलीपुढं बसून दोन भाकरी, कोरड्यास आणि वर एक कांदा फोडून खायची. मग आम्हाला वाढायची. एकदा आमच्या चुलतीनं तिला टोकलं, बाईमाणसानं असं आधी जेवू नये म्हणून. आई म्हणाली, “बैलाला कामाच्या आधी वैरण टाकता का न्हाय? मग मी काय बैलापेक्षा कमी राबते व्हय?” चुलती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

तिच्या माहेरी मेंढरं होती. लहानपणी बापामागं हिंडताना ती शिट्टी शिकली होती. दोन बोटं जिभेखाली घालून अशी वाजवायची की आम्ही पोरं शाळेच्या पटांगणातून घराकडं पळत सुटायचो. म्हातारपणी दात गेल्यावर शिट्टी गेली, तेव्हा तिला दातांपेक्षा शिट्टीचं जास्त वाईट वाटलं. हसायची मोठ्यानं, भांडायची त्याहून मोठ्यानं. असल्या बाईवर कविता करून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? म्हणून मी दुसरी आई केली.

एकदा आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मी तिला घेऊन गेलो. जांभळी साडी नेसून ती पुढच्या ओळीत बसली होती. मी कविता म्हटली, शेजारच्या बायका रडल्या, मुख्याध्यापकांनी तिचा नारळ आणि शाल देऊन सत्कार केला. तिनं तो मुकाट घेतला. परतताना एसटीत इंदापूर मागं पडल्यावर नारळ मांडीवर ठेवून ती म्हणाली, “ती उपाशी झोपणारी बाई कोण रं?”

“अगं, कवितेत असं असतं.”

“असू दे. पर मी कवा उपाशी झोपले?”

मी हसलो. तीही हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तिची झाली लिवून. आता माझी कवा लिवशील?”

“लिहीन की,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

पुढं तिनं दोनदा विचारलं. एकदा दिवाळीत आणि एकदा शेवटच्या आजारपणात. गॅसची टाकी आली का, असं विचारावं तसं विचारलं, “लिवली का?” मी म्हणालो, चाललंय. चाललेलं काही नव्हतं. एका रविवारी बसलो होतो. ‘माझी आई आधी जेवायची’ एवढी ओळ झाली आणि पुढची सुचली नाही. खरं सांगायचं तर पुढं लिहायची भीती वाटली. ही कविता लोकांना आवडली तर पहिली खोटी ठरली असती.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. हातातला पेपर पुरा केला, बेरीज केली, वरच्या कोपऱ्यात गुण टाकले आणि मग उठलो. असं का केलं ते अजून मला कळलेलं नाही.

पुढचे दिवस मी रडायची वाट बघत होतो. लोक येत, गळ्यात पडत, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत असे. कवी माणूस आणि आईसाठी रडत नाही, याची पहिले दोन दिवस लाज वाटली. नंतर तीही वाटेनाशी झाली. कुणी चहा दिला की प्यायचो, कुणी विचारलं की किती वाजता गेली ते सांगायचो. एवढंच मनात धरलं होतं की दहाव्याला लोकांसमोर आई होती तशी सांगायची. कविता नाही तर नाही, पण शिट्टी सांगायची, बैलाचं बोलणं सांगायचं. तिला दिलेला शब्द पाळायची तेवढीच एक जागा उरली होती. वहीतल्या कागदावर मी चार ओळी लिहिल्या आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

दहावा नीरेच्या घाटावर झाला. पिंडाशेजारी धाकट्या बहिणीनं आईच्या आवडीचं मांडलं होतं: बाजरीची भाकरी, ठेचा, भेळ. कावळा लगेच आला आणि आधी भेळीला शिवला. “काय बी इच्छा मागं ठेवली न्हाय माउलीनं,” कुणीतरी म्हणालं. मी खिसा चाचपला.

मग श्रद्धांजली सुरू झाली. तालुक्याचे एक पुढारी आले होते; त्यांना आणखी एका दहाव्याला पोचायचं होतं, म्हणून ते आधी बोलले. त्यांनीच शेवटी म्हटलं, सरांची आईची कविता आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, आज ती त्यांच्याच तोंडून ऐकावी. आमच्या भावकीतले एक आबा काठी टेकत उठले. “म्हणा सर. आता न्हाय म्हणायची तर कवा?”

मी माइक हातात घेतला. खिशातला कागद काढायला फक्त दुसरा हात वर न्यायचा होता. तो नेला नाही. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येणार नाही. ती कविता सोपी होती, तोंडात होती, बस्स. पहिली ओळ आपोआप सुरू झाली आणि बाकीच्या तिच्यामागं आल्या. ‘भिंतीकडं’च्या आधी मी थांबलो. आवाज कापला, नेहमी कापतो तेवढाच. घाटावर हुंदके ऐकू आले. पुढाऱ्यांनी चष्मा काढला. मी मात्र माइकची वायर कुणाच्या तरी पायात येतेय, तिकडं बघत होतो.

नंतर लोक हात धरून बोलले. “लई सोसलं तुमच्या आईनं.” “तुमाला घास भरवून सोता उपाशी ऱ्हायली बघा.” बोलणाऱ्यांत आमच्या बांधाला बांध लागून असलेला शेतकरीही होता. आई बांधावर बसून पोटभर जेवायची ते त्यानं उभा जन्म बघितलं होतं. तोही डोळे पुसत होता.

दुपारी घरी पाहुण्यांच्या पंगती उठल्या. मी आत भिंतीला टेकून बसलो होतो. बहीण माझं ताट घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. ताट ठेवून तिथंच बसली आणि हळूच म्हणाली, “दादा, आई खरंच उपाशी झोपायची का रं? मला कसं कवा दिसलं न्हाय?”

आता तरी सांगावं, असं वाटलं. “न्हाय गं,” मी म्हणालो. “ते मी रचलं होतं. ती आधी जेवायची, तू बघितलंयस की. दोन भाकरी आणि कांदा.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “ते आपल्याला दाखवायला असंल. सकाळचं. रातचं कुणी बघितलंय?”

“अगं, रात्रीपण जेवायची. आपल्या आधी जेवायची ती.”

“दादा,” ती म्हणाली आणि तिचा आवाज खरोखर कापला, “आज तिचा दहावा हाय. आज तरी तिला नावं ठेवू नको.”

खिशातला कागद घामानं मऊ झाला होता. तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

“तू जेव,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“जेवले मी.”

ती जेवली नव्हती. सकाळपासून मी तिला बघत होतो.